चारशे दहा ग्रॅम

सतरा वर्षं स्पीड पोस्टच्या खिडकीत बसून
हाताला एक खोड लागली आहे:
काहीही उचललं की ग्रॅम बोलतात.
नारळ, शेजारणीचं तान्हं, कुणाची चप्पल.
म्हणून मुसाफिरखान्याच्या गल्लीत
दुकानदाराने "एकदम हलकी, मॅडम" म्हणत
निळी बॅग पुढे केली,
तेव्हा मी म्हटलं, सातशे साठ.
तो हसला.
मग लेबल वाचलं आणि हसायचा थांबला.

फिलोने फोनवर बजावलं होतं,
बॅग नंतर बघ, आधी पाठ मोज.
मान खाली घातल्यावर वर येतं ते हाड,
तिथून कमरेच्या खळगीपर्यंत.
सोळा इंच निघाली.
पन्नास वर्षं सोबत असून मला ठाऊक नव्हतं,
शिंप्यालाही नाही;
तो ब्लाउजपुरतीच मोजायचा.

एक बॅग खांद्याला काचत होती.
एकीला इतके खण, की किल्ली शोधताना रात्र व्हावी.
एकीचा पट्टा छातीवरून असा आडवा,
की काढणाऱ्याने बाई कधी पळताना पाहिलीच नसावी.
राखाडी उरली. पोराने तिच्यात
दीड लिटर पाणी आणि चार कुलपं कोंबली:
"पळून बघा."

मी पळाले.
अत्तरवाल्यापासून कपबशीवाल्यापर्यंत,
पाठीवर नवीकोरी बॅग, बॅगेला लटकणारी किंमत,
आणि मागून कुणीतरी ओरडलं, पकडो!
एका हमालाने पाय आडवा घातला.
मी उडी मारली.
बॅग हलली नाही.
तिथेच ठरलं.
परत येऊन दोनशे रुपये कमी करून घेतले,
चोरीच्या आळाचे.

आजवर माझं पाणी फिलोच्या पाठीवर असायचं.
माझं पाणी, माझी चिक्की, माझा चष्मा,
एकदा तर पोरीच्या लग्नाची अर्धी यादी.
कान्हेरीच्या चढावर ती पुढे, मी हात हलवत मागे,
आणि वर पोचून मीच विचारायचे,
अगं, दमलीस का?
आता तिच्या गुडघ्यात धातू आहे.
त्याचं वजन किती, हे तिने डॉक्टरला विचारून ठेवलं.
माझ्यासाठी.

जेवणाच्या सुट्टीत बॅग काउंटरच्या काट्यावर ठेवली.
रिकामी, चारशे दहा.
मशीनने सवयीने पुढचं विचारलं: पिनकोड?
कातळाच्या माथ्याला पिनकोड नसतो.
रद्द केलं.

मग घरी भरत गेले, काढत गेले.
छत्री काढली, डिसेंबर आहे.
सुटी नाणी काढली. दुसरा रुमाल.
देवाचा फोटो ठेवला, फ्रेम काढली.
पट्ट्यांची लोंबती टोकं कापून मेणबत्तीवर शेकली.
नवरा म्हणाला, सहा ग्रॅमसाठी?
त्याला काय सांगू,
पन्नासाच्या वर एक ग्रॅम गेला की दर बदलतो,
आणि लोक खिडकीशी उभे राहून पत्राचे कोपरे कातरतात.
चेनचं पत्र्याचं टोक काढून सुतळी बांधली;
तो किणकिणाट तिथल्या माकडांना
शाळेच्या घंटेसारखा कळतो.

रविवारी गेट उघडलं तेव्हा अंधार होता.
पाणी पाठीवर डुचमळत, माझ्या पावलांशी वाद घालत.
तिसऱ्या वळणावर तोंडातून निघालंच,
फिलो, पाणी.
वाटेवर कुणी नव्हतं.
नळी माझ्याच खांद्यावर होती, हनुवटीपासून चार बोटं.
प्यायले. कोमट, थोडं प्लास्टिकच्या चवीचं.

अगदी खालच्या खणात तिचा गुडघ्याचा जुना पट्टा आहे,
नव्वद ग्रॅम, ताण गेलेला, कुणाच्याच कामाचा नाही.
भरलेली बॅग तोलताना
मी तो आधी काढून घेतला होता.
नंतर परत घातला.